एकटीचे घर

(मध देणारी माशी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पण बहुतेक जातींच्या मधमाश्या मोहोळ बांधत नाहीत आणि मधाचा मोठा साठाही करीत नाहीत. त्या एकट्या राहतात, एकट्या घर बांधतात आणि आपल्या शेताला मोलाची मदत करतात. अशा एकट्या माश्यांची आणि त्यांच्या घरांची माहिती या पाठात दिली आहे.)

मधमाशी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? चिंचेच्या किंवा वडाच्या उंच फांदीला लटकलेले मोठे मोहोळ, त्यावर बसलेल्या हजारो माश्या आणि मोहोळाला दगड मारू नका असे ओरडून सांगणारे कोणी तरी मोठे माणूस. उर्दूत आपण या माशीला 'शहद की मक्खी' म्हणतो. शहद म्हणजे मध. म्हणजे मध देते ती मधमाशी, असेच आपण धरून चालतो.

पण मुलांनो, ही मधमाश्यांच्या जगाची फार थोडी ओळख झाली. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात सातशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी आपल्या भागात मोहोळ बांधणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. उंच झाडावर किंवा कड्यावर मोठे मोहोळ लावणारी आग्या माशी, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी, झुडपात लहानसे मोहोळ करणारी फुलोरी माशी, पेट्यांत पाळली जाणारी परदेशी मेलिफेरा माशी आणि भिंतीच्या फटीत राहणारी, डंख न मारणारी इवलीशी माशी. यांच्या घरात एक राणी, काही नर आणि शेकडो-हजारो कामकरी माश्या असतात. कामे वाटलेली असतात. कोणी फुलांवर जाते, कोणी पिलांना भरवते, तर कोणी दारावर पहारा देते.

उरलेल्या जातींपैकी बहुतेक माश्यांचे जीवन अगदी वेगळे आहे. त्यांच्यात राणी नाही आणि कामकरीही नाही. प्रत्येक मादी आपले घर स्वतः शोधते, स्वतः बांधते, स्वतः अन्न आणते आणि अंडीही स्वतःच घालते. गवंडी तीच, सुतार तीच, हमाल तीच आणि आईही तीच! अशा माश्यांना 'एकाकी मधमाश्या' म्हणतात.

परभणी जिल्ह्यातील पेडगाव हे काळ्या मातीच्या मुलखातले गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही या भागातली पिके. या पिकांच्या बांधांवर, जुन्या मातीच्या भिंतींत, माळवदाच्या तुळयांत आणि अंगणातल्या गुलाबाच्या झाडाजवळ या माश्यांची घरे असतात. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण मोहोळ शोधत असतो. मोहोळ शोधणे सोडा आणि बोट जाईल एवढे भोक शोधा. मग ही घरे दिसू लागतील.

सर्वांत आधी तुमच्या ओळखीच्या भुंग्याकडे पाहू या. काळा, चकचकीत, अंगठ्याच्या पेराएवढा मोठा हा कीटक 'घूंऽऽ' असा आवाज करीत दाराच्या चौकटीजवळ घिरट्या घालतो. लहान मुले त्याला घाबरतात. हा भुंगा म्हणजे एक मधमाशीच आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? लाकूड कोरून घर करतो म्हणून त्याला सुतार भुंगा म्हणतात. खरे तर घर कोरण्याचे काम मादी करते. म्हणून या सुताराला 'सुतारीण' म्हणणेच योग्य ठरेल.

मुले नेहमी विचारतात, "सर, भुंगा लाकूड खातो का?" नाही. लाकूड खाते ती वाळवी. भुंगा लाकूड नुसते कुरतडतो आणि भुसा बाहेर टाकतो. जुन्या तुळईखाली किंवा वाळलेल्या बांबूखाली पिवळसर भुशाची लहानशी रास दिसली, तर मान वर करून पाहा. वर गोल भोक दिसेल. गिरमिटाने पाडावे इतके ते नीटस असते. मादी आपल्या बळकट जबड्यांनी आधी सरळ आत जाते. थोडे आत गेल्यावर ती वळते आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने बोगदा कोरते. रेषेच्या दिशेने लाकूड लवकर सुटते, ही गोष्ट कोणत्याही सुताराला विचारा. ही सुतारीण ती कोणाकडून शिकलेली नसते.

बोगदा तयार झाला की ती फुलांवर जाते. परागकण आणि फुलांतला रस आणून त्यांचा घट्ट गोळा करते. हा गोळा म्हणजे पिलाची भाकरी. गोळ्यावर ती एक अंडे घालते. मग लाकडाचा भुसा आणि आपली लाळ यांचा लगदा करून आडवा पडदा बांधते. एक खोली पूर्ण झाली. पडद्याच्या अलीकडे पुन्हा एक गोळा, पुन्हा एक अंडे आणि पुन्हा एक पडदा. अशा एकामागे एक खोल्या तयार होतात. आगगाडीच्या डब्यांची रांगच जणू! भुंग्याचे अंडे कीटकांच्या जगात मोठ्यात मोठ्या अंड्यांपैकी एक असते. म्हणूनच ती थोडीच अंडी घालते, पण प्रत्येकाची पुरी सोय करून ठेवते.

लाकूड कोरणारा भुंगा संध्याकाळी मिटणाऱ्या कमळात अडकतो, पण मऊ पाकळ्या कुरतडून बाहेर पडत नाही, अशी कल्पना जुन्या कवींनी केली आहे. ती प्रेमाची कल्पना आहे. पण त्या कवींना भुंगा लाकूड कोरतो हे नेमके ठाऊक होते, हेही त्यातून कळते.

भुंग्यांची आणखी एक नवलाची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच उघड झाली. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या जंगलात डॉ. हेमा सोमनाथन, डॉ. रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुंग्यांचा अभ्यास केला. तेथील एका जातीचा भुंगा रात्री फुलांवर जातो. चांदण्या रात्री तर जातोच, पण चंद्र नसलेल्या अंधाऱ्या रात्रीही जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातून असे दिसले, की ताऱ्यांच्या अंधूक उजेडातही हा भुंगा आपल्या घराजवळच्या खुणेचा रंग ओळखतो. तेवढ्या उजेडात आपल्याला रंग मुळीच दिसत नाहीत. वाळक्या लाकडातले आपले भोक तो अंधारात बरोबर शोधून काढतो!

आता अंगणातल्या गुलाबाकडे या. कधी कधी गुलाबाच्या पानांच्या कडा गोल कापलेल्या दिसतात. अळीने खाल्लेले पान वेडेवाकडे, फाटल्यासारखे असते. हे पान मात्र कात्रीने कापल्यासारखे दिसते. हे काम पानकापी माशीचे. ती पानाच्या कडेवर बसते, जबड्यांची कात्री चालवते आणि काही सेकंदांत तुकडा कापून, पायांत धरून उडून जाते. तुकडा खाण्यासाठी नसतो. तो घर बांधण्यासाठी असतो.

ही माशी स्वतः भोक पाडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. भिंतीतली फट, बांबूची नळी, लाकडातले दुसऱ्या किड्याने सोडलेले भोक, अशी तयार जागा ती शोधते. कधी दाराच्या कुलपाचे छिद्रही तिला चालते. आधी ती लांबट तुकडे आणते. ते एकावर एक बसवून ती एक वाटी तयार करते. शिंप्याच्या बोटातले अंगुस्तान तुम्ही पाहिले आहे ना? उर्दूत आपण त्याला अंगुश्ताना म्हणतो. ही वाटी अगदी तशीच दिसते. तिच्यात पराग आणि रस यांचे मिश्रण भरले जाते. त्यावर एक अंडे. मग ती पुन्हा गुलाबाकडे जाते. या वेळी मात्र ती लांबट तुकडा कापत नाही, अगदी गोल तुकडा कापते. कारण आता तिला वाटीचे झाकण हवे असते. एका खोलीसाठी दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक तुकडे लागतात. लांबट तुकडे भिंतीला आणि गोल तुकडे झाकणाला, हा हिशेब ती मापपट्टीशिवाय बरोबर ठेवते.

या माशीची आणखी एक खूण लक्षात ठेवा. मोहोळातली माशी पराग मागच्या पायांवर वाहून नेते. पानकापी माशी तो पोटाच्या खालच्या बाजूला, दाट केसांत भरून आणते. पोट पिवळे दिसले की समजावे, ही बाजार करून घरी निघाली आहे.

तिसरी माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत राहते. तिच्या पोटावर चमकदार निळे पट्टे असतात. आकाराने ती मोहोळातल्या माशीएवढीच असते, पण उडते फार चपळ. फुलापुढे क्षणभर हवेत थांबते आणि लगेच दुसरीकडे जाते. जुन्या घराची मातीची भिंत, ओढ्याची दरड किंवा घट्ट, उघडा बांध तिला आवडतो. पाणी साचणारी आणि उन्हाळ्यात फाटणारी जमीन तिच्या कामाची नसते. ती बोगदा खणते आणि त्याच्या शेवटी लहानशा कुपीसारखी खोली करते. मग आपल्या शरीरातून पाझरणाऱ्या मेणासारख्या पदार्थाने ती खोली आतून सारवते. जशी आपली दादी-नानी घर सारवायची, तशीच! या सारवणामुळे बाहेरची ओल आत येत नाही आणि आतला पातळ खाऊ मातीत जिरत नाही.

या जातीचे नर घर बांधत नाहीत. रात्री ते एखाद्या वाळक्या काडीवर रांगेने येतात, काडी जबड्यांत घट्ट धरतात आणि तसेच झोपी जातात. सूर्य बुडण्याच्या वेळी बांधावरच्या गवतात शोधाल, तर ही झोपलेली रांग तुम्हांलाही सापडेल. त्यांना हात लावू नका, फक्त पाहा.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. तुम्ही म्हणाल, "मातीचे घर करणारी माशी आम्हांला माहीत आहे. ती कुंभारीण माशी!" खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीवर ओल्या मातीचे लहान मडके किंवा नळ्या चिकटवणारी कुंभारीण आपण सर्वांनीच पाहिली आहे. पण ती मधमाशी नाही, ती गांधीलमाशीच्या कुळातली आहे. मधमाशी पिलांसाठी पराग ठेवते, तर कुंभारीण डंखाने लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी ठेवते. कुंभारीण अळीला घरात कोंडते, अळीला तिचे ध्यान लागते आणि शेवटी अळीच कुंभारीण होऊन बाहेर येते, असे पूर्वी लोक मानत. आपल्या संतवाङ्मयातही हा दाखला येतो. मनाच्या एकाग्रतेसाठी तो दाखला सुंदर आहे. पण घर उघडून पाहिले तर खरी हकिकत कळते. कुंभारणीच्या अंड्यातून निघालेले पिलू ती अळी खाऊन वाढते आणि तेच मोठे होऊन बाहेर पडते.

असे घर उघडून पाहण्याचे काम एका शिक्षकाने मन लावून केले. त्याचे नाव झाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५). फ्रान्समधील कार्पांत्रा या गावी तो नुकताच शिक्षक झाला होता. सुमारे १८४३ सालची गोष्ट. जमीन मोजण्याचे शिक्षण देण्यासाठी तो मुलांना माळावर नेत असे. मुले मोजणी सोडून मध्येच खाली बसत, दगड उचलत आणि गवताच्या काडीने काही तरी चोखत. फाब्रने चौकशी केली. दगडांवर गवंडी माशीने मातीची घरे बांधली होती आणि मुले त्यांतला मध चोखत होती! मुलांवर रागावण्याऐवजी तो स्वतः ती घरे पाहू लागला. पुढे त्याने आयुष्यभर कीटकांचा अभ्यास केला. या माश्यांच्या अंगावर खूण करून त्याने त्यांना काही किलोमीटर दूर नेऊन सोडले, तेव्हा त्यांतल्या काही माश्या आपल्या घरी परत आल्या. तेथे मोठी प्रयोगशाळा नव्हती. होते डोळे, चिकाटी आणि शाळेतली मुले.

आपल्या देशातील मधमाश्यांची पद्धतशीर माहिती देणारा मोठा ग्रंथ चार्ल्स बिंगहॅम यांनी १८९७ साली लिहिला. नंतर या विषयात पुष्कळ भर पडली. पण कोणत्या गावात कोणती माशी कोठे घर करते, हे त्या गावातल्या मुलांएवढे चांगले कोण पाहू शकेल?

आता एक कोडे सोडवू या. पानकापी माशीच्या नळीत समजा आठ खोल्या आहेत. पहिली खोली सर्वांत आत बांधली गेली. म्हणजे आतले पिलू वयाने सर्वांत मोठे आणि दाराजवळचे पिलू सर्वांत लहान. मग मोठे पिलू आधी तयार झाले, तर ते बाहेर कसे पडणार? वाटेत सात धाकटी भावंडे! त्यांना तुडवून जावे लागेल.

याचे उत्तर आईनेच शोधून ठेवलेले असते. आतल्या खोल्यांत ती मादी होणारी अंडी घालते आणि दाराजवळच्या खोल्यांत नर होणारी. नर लवकर वाढतात आणि आधी बाहेर पडतात. माद्यांना वाढायला जास्त दिवस लागतात. त्यांची पाळी येते तेव्हा वाट मोकळी झालेली असते. मधमाश्यांमध्ये फलन झालेल्या अंड्यातून मादी आणि फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. म्हणून कोणत्या खोलीत काय ठेवायचे, हे आईला ठरवता येते. मादी आकाराने मोठी, म्हणून तिच्या खोलीत खाऊही जास्त असतो.

खोली बंद झाल्यावर आतले जीवन शांतपणे चालू राहते. काही दिवसांत अंड्यातून पांढरी अळी निघते. ती समोरचा खाऊ खाते आणि वाढते. मग तिचा कोष होतो. कोषातून पंख असलेली माशी तयार होते आणि दार कुरतडून बाहेर येते. पानकापी माशी सहसा आपली पिले कधीच पाहत नाही. पिले बाहेर येईपर्यंत ती बहुधा मरून गेलेली असते. ज्यांना आपण कधी भेटणार नाही, त्यांच्यासाठी ती उन्हातान्हात शेकडो खेपा करते.

या घरांना शत्रूही आहेत. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, हे तुम्ही वाचले असेल. तशाच काही मधमाश्याही आहेत. त्या स्वतः घर बांधत नाहीत आणि परागही गोळा करीत नाहीत. निळ्या पट्ट्यांची माशी फुलांवर गेली की त्यांतली एखादी हळूच तिच्या बोगद्यात शिरते आणि आपले अंडे ठेवून निघून जाते. तिचे पिलू घरधनिणीच्या पिलाचा सगळा खाऊ फस्त करते. म्हणूनच काम संपताच दार बंद करण्याची माश्यांना घाई असते.

"या माश्या मध देत नाहीत, मग त्यांचा आपल्याला उपयोग काय?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तुमच्या ताटात आहे. ताटातले वरण घ्या. वरण तुरीच्या डाळीचे. तुरीच्या पिवळ्या फुलात पुंकेसर दोन मिटलेल्या पाकळ्यांच्या आत लपलेले असतात. पानकापी माशी किंवा भुंगा फुलावर जोर देऊन बसला, की त्या पाकळ्या खाली दबतात, पुंकेसर बाहेर येतात आणि माशीच्या पोटाला पराग लागतो. पुढच्या फुलावर तो पोहोचतो. यालाच परागीभवन म्हणतात. विज्ञानाच्या तासाला आपण उर्दूत 'ज़ीरगी' म्हणतो, तेच हे. तूर स्वतःच्या परागावरही शेंगा धरते, हे खरे. पण एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाला न्यायचा असेल, तर माशीच हवी.

याचे महत्त्व शास्त्रज्ञांना चांगले ठाऊक आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथील तुरीवरच्या कामातून १९९१ साली 'आयसीपीएच ८' हे जगातील पहिले संकरित तुरीचे वाण आले. संकरित बियाण्यासाठी अशी झाडे लावतात, ज्यांच्या फुलांत कामाचा पराग तयारच होत नाही. शेजारच्या ओळीतल्या झाडांचा पराग त्यांच्यापर्यंत माश्याच नेतात. माशी आली नाही तर त्या झाडाला शेंगच धरणार नाही. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर येथील केंद्रातही तुरीची अनेक वाणे तयार झाली आहेत. मराठवाड्यात तूर म्हणजे घरचे वरण आणि शेतकऱ्याच्या हातचा पैसा. त्या पैशात या माश्यांच्या कष्टाचाही वाटा आहे.

टोमॅटो आणि वांगी यांची गोष्ट आणखी गमतीची आहे. त्यांच्या फुलांतला पराग मिठाच्या डबीतल्या मिठासारखा असतो. डबीला टोकाशी बारीक छिद्र, हलवल्याशिवाय काही पडत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारते आणि अंग जोरजोराने थरथरवते. 'झूंऽऽ' असा आवाज होतो आणि पराग झरझर बाहेर पडतो. भुंगाही असेच करतो. मोहोळातल्या माशीला ही युक्ती येत नाही. रस्त्याच्या कडेला उगवणाऱ्या रुईच्या फुलांवरही भुंगेच घोंगावताना दिसतात. रुईचे परागीभवन मुख्यतः तेच करतात.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. मोहोळात हजारो माश्या असतात. त्यांतल्या शंभर माश्या मेल्या तरी उरलेल्या माश्या घर चालवतात. एकट्या माशीचे तसे नसते. ती दुपारी फुलावर गेली आणि विषारी फवाऱ्यात सापडली, तर घरातली अर्धी भरलेली खोली तशीच राहते. तिचे काम पुढे चालवणारे कोणी नसते. ती आयुष्यभरात वीस-तीसच्या आसपास अंडी घालते. कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणून एक मादी मेली की एक पूर्ण घराणे जाते.

तिच्या जागाही कमी होत आहेत. मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या. माळवदाच्या जागी सिमेंटचे छत आले. ते वाईट झाले असे कोणी म्हणू नये. गळणाऱ्या घरात माणसांनी का राहावे? पण आपण नवे घर बांधताना जुन्या भाडेकरूला विसरलो. बांध नांगरले गेले, बांधावरचे गवत तणनाशकाने जाळले गेले आणि वाळलेले ओंडके सरपणात गेले. मध देणाऱ्या माशीकडे लोकांचे लक्ष आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. एकट्या माशीच्या नावाने मात्र एखादा बांधही राखलेला दिसत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. तूर फुलावर असताना शक्यतो फवारणी करू नये. करावीच लागली, तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करावी. बांधाचा एखादा तुकडा नांगर आणि औषध यांपासून मोकळा ठेवावा. एखादा वाळलेला ओंडका सावलीत पडू द्यावा. गुलाबाची चार पाने कापली गेली तर झाड मरत नाही. तेवढे त्या माशीला देऊन टाकावे.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. वाळलेल्या बांबूचे वीतभर लांबीचे वीस-पंचवीस तुकडे घ्या. काही नळ्या पेन्सिल जाईल एवढ्या, तर काही बोट जाईल एवढ्या रुंद असू द्या. प्रत्येक तुकड्याचे एक टोक पेराने बंद असावे आणि दुसरे उघडे. उघड्या टोकाच्या कडा घासून गुळगुळीत करा. सगळ्यांची मोळी बांधा आणि पावसाचे पाणी लागणार नाही अशा ठिकाणी, वळचणीखाली, उघडी तोंडे पूर्वेकडे करून घट्ट टांगा. ती वाऱ्याने हलता कामा नये. मग वाट पाहा. काही आठवड्यांनी एखाद्या नळीचे तोंड हिरव्या पानाने किंवा मातीने बंद झालेले दिसले, तर समजा की भाडेकरू आला. त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. दार फुटून नवी माशी बाहेर पडेल, ती तारीखही लिहा. मधल्या दिवसांची संख्या तुम्हांला कोणत्याही पुस्तकाशिवाय मिळेल.

आणि भिऊ नका. नर माशीला डंखच नसतो. मादीला असतो, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डंख मारीत नाही. मोहोळातल्या माशीला मधाचा साठा राखायचा असतो. हिला कोणाशी भांडायला वेळच नसतो. तिला दिवस मावळण्याच्या आत एक खोली पूर्ण करायची असते.

शब्दार्थ

एकाकी – एकटा, एकटी
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी
माळवद – लाकूड व माती यांचे सपाट छप्पर
तुळई – छपराला आधार देणारे आडवे जाड लाकूड
गिरमिट – लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार
परागकण – फुलातील बारीक पिवळी भुकटी
दरड – ओढ्याचा किंवा डोंगराचा उभा काठ
लुळी करणे – हालचाल बंद पाडणे
सारवणे – पातळ लेप देऊन जमीन किंवा भिंत गुळगुळीत करणे
वाण – पिकाची विशिष्ट जात
वळचण – छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग
फस्त करणे – खाऊन संपवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एकाकी मधमाशी कोणाला म्हणतात?
(आ) भुंगा लाकूड कशासाठी कोरतो?
(इ) पानकापी माशी पराग कोठे भरून आणते?
(ई) निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर रात्री कोठे झोपतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) दाराजवळच्या खोल्यांत नर होणारी अंडी असतात.
(आ) संकरित तुरीच्या बियाण्यासाठी माश्यांची गरज असते.
(इ) एकट्या माशीला फवारणीचा धोका मोहोळातल्या माशीपेक्षा अधिक असतो.

प्र. ३. फरक सांगा.
(अ) कुंभारीण माशी आणि एकाकी मधमाशी
(आ) अळीने खाल्लेले पान आणि पानकापी माशीने कापलेले पान

प्र. ४. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
सारवणे, फस्त करणे, वाट पाहणे, पाळी येणे

प्र. ५. 'अंगुस्तान' हा शब्द मराठीत आणि उर्दूत थोड्या फरकाने सारखाच आहे. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या परिसरात एकट्या माश्यांची घरे शोधा. घर कोठे आहे, दार कशाने बंद केले आहे आणि माशी दिवसाच्या कोणत्या वेळी ये-जा करते, याची आठ दिवस नोंद ठेवा. घर फोडू नका.